आधी परत या, मग बिऱ्हाड हलवा

परदेशात वर्ष-दोन वर्षं स्वयंसेवक म्हणून काम करून परतणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा घरही बदलावं लागतं. जाताना भाड्याचं घर सोडलेलं असतं, सामान बहिणीच्या माळ्यावर आणि मित्राच्या गॅरेजमध्ये वाटून ठेवलेलं असतं. कधी करार संपत आलेला असतो, कधी नवी नोकरी दुसऱ्या शहरात मिळते. मुंबई-पुण्यात तर आपण युगांडात किंवा कंबोडियात असतानाच सोसायटी पुनर्विकासाला गेलेली असते आणि विमानतळावर घ्यायला आलेला भाऊ गाडीतच सांगतो, की तीन महिन्यांत घर रिकामं करायचंय.

माझा पहिला सल्ला हा, की परतणं आणि घर हलवणं एकाच महिन्यात उरकू नका. मध्ये सहा ते आठ आठवडे ठेवता आले तर पाहा. हे आठवडे नुसते विश्रांतीचे नाहीत. या काळात तब्येत, कागदपत्रं आणि सामान या तिन्हींचा निकाल लावायचा आहे. उलट्या क्रमाने गेलात तर नव्या घराची अनामत भरून झाल्यावर लक्षात येतं, की बँकेचं खातं निष्क्रिय झालंय आणि ओटीपी ज्या नंबरवर जातो तो नंबर आता तुमचा नाही.

तिथून निघण्यापूर्वी

परतल्यावर जी कामं महिनाभर छळतात, त्यातली निम्मी तिथे असताना एका दुपारी होतात. ज्या संस्थेबरोबर काम केलं तिच्याकडून सेवेचं पत्र घ्या. त्यात रुजू झाल्याची आणि निघाल्याची तारीख, कामाचं स्वरूप आणि मिळणारा निर्वाहभत्ता स्पष्ट लिहिलेला हवा. इथला घरमालक पगाराची पावती मागतो, बँक उत्पन्नाचा पुरावा मागते. स्वयंसेवकाकडे यातलं काहीच नसतं, हे पत्र तेवढं असतं. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम असो किंवा ब्रिटनमध्ये 1958 साली सुरू झालेली व्हीएसओ, मोठ्या संस्थांना अशी पत्रं द्यायची सवय असते. छोट्या संस्थेत मात्र मसुदा आपणच लिहून सहीसाठी पुढे करावा. दोन वर्षांनी त्या कचेरीत तुम्हाला ओळखणारं कुणी उरेलच असं नाही.

त्या देशाच्या पोलिसांचा चारित्र्य दाखलाही तिथे असतानाच काढा. पुढे दुसऱ्या देशाचा व्हिसा किंवा आंतरराष्ट्रीय संस्थेतली नोकरी मिळवताना तो मागितला जातो, आणि नाशिकमध्ये बसून लिलोंग्वेच्या पोलिसांकडून कागद मिळवणं हा स्वतंत्र उद्योग होऊन बसतो. संस्थेचा आरोग्य विमा परतल्यावर किती आठवडे चालू राहतो, हेही लेखी विचारून घ्या.

तिथलं बँक खातं बंद करून या. ‘दोन-पाच हजारच तर आहेत, राहू दे’ म्हणून खातं उघडं ठेवणारे पुष्कळ असतात. भारतात सर्वसाधारण निवासी झालात, की परदेशातलं प्रत्येक खातं आयकर विवरणपत्रात दाखवावं लागतं, शिल्लक कितीही असो. अमेरिकेतून परतलेले नातेवाईक ‘आरएनओआर’ म्हणजे ‘निवासी पण सर्वसाधारण निवासी नाही’ या दर्जाच्या सवलतीबद्दल सांगतील. ती मागच्या 7 वर्षांत भारतात 729 दिवस किंवा त्याहून कमी राहिलेल्यांना, किंवा 10 पैकी 9 वर्षं अनिवासी असलेल्यांना मिळते. दोन वर्षांच्या स्वयंसेवकाला ती सहसा लागू होत नाही. त्यांचा सल्ला त्यांच्यापुरता ठेवा आणि एकदा सनदी लेखापालाला विचारा. तिथलं चलनही तिथेच बदला किंवा खर्च करा. मलावीचा क्वाचा पुण्यात लक्ष्मी रोडवर कुणी घेणार नाही. पाच हजार डॉलरपेक्षा जास्त परकीय नोटा, किंवा नोटा आणि ट्रॅव्हलर्स चेक मिळून दहा हजार डॉलरपेक्षा जास्त रक्कम जवळ असेल, तर विमानतळावर ती जाहीर करावी लागते.

सामानाबाबत कस्टमची सवलत तुम्ही परदेशात किती काळ राहिलात त्यावर वाढत जाते. तिच्या मर्यादा बदलत असतात, म्हणून निघण्याआधी केंद्रीय सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर चालू नियम वाचा आणि मुक्कामाचा पुरावा म्हणून पासपोर्टवरचे शिक्के व सेवेचं पत्र हाताशी ठेवा. निरोपाच्या भेटी मात्र नीट बघून भरा. बी-बियाणं, माती आणि रोपं तशी आणता येत नाहीत. हस्तिदंत, प्रवाळ, वन्यप्राण्याचं कातडं हे तर प्रेमाने दिलेलं असलं तरी नम्रपणे नाकारायचं. विणलेली टोपली, कापड आणि लाकडी पळी यांत गावाचा मान राहतो आणि विमानतळावर अडवणूकही होत नाही.

तब्येतीचं काम

पीतज्वराचा प्रादुर्भाव असलेल्या देशातून (युगांडा, केनिया, इथिओपिया, दक्षिण सुदान, घाना यांसारख्या) येत असाल, तर लसीचं पिवळं पुस्तक हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात नको. प्रमाणपत्र नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं. एकदा घेतलेली लस 2016 पासून आयुष्यभरासाठी ग्राह्य धरली जाते, तेव्हा जुनं पुस्तक हरवू नका.

मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या मुंबईत उतरताच बंद करायच्या नसतात. डॉक्सिसायक्लिन आणि मेफ्लोक्विन हे मलेरियाचा देश सोडल्यावरही 4 आठवडे, तर अटोवाक्वोन-प्रोग्वानिल 7 दिवस घ्यावं लागतं. सामान बांधण्याच्या गडबडीत गोळ्यांची पट्टी कुठल्या तरी खोक्यात जाते आणि राहून जातं. परतल्यानंतर काही महिने कधीही ताप आला, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता आपणच पहिल्या वाक्यात सांगावं, ‘मी अमुक देशातून अमुक तारखेला आलोय.’ पावसाळ्यात इथला फॅमिली डॉक्टर आधी डेंग्यू आणि टायफॉइड बघतो. त्याचं चूक नसतं, कारण त्याच्या रुग्णांत तेच जास्त असतं. फाल्सिपॅरम मलेरियात मात्र एक-दोन दिवसांचा उशीरही जिवावर बेतू शकतो.

व्हिक्टोरिया सरोवरात किंवा मलावी सरोवरात पोहला असाल, तर शिस्टोसोमियासिसची तपासणी करून घ्या. गोड्या पाण्यातल्या गोगलगायींमधून बाहेर पडणाऱ्या अळ्या कातडीतून शरीरात शिरतात. तपासणी साधारण 6 ते 12 आठवड्यांनी केली तर जास्त खात्रीची ठरते आणि प्राझिक्वांटेल या औषधाने उपचार होतो. आपल्याकडच्या बहुतेक डॉक्टरांनी हा रोग पुस्तकातच पाहिलेला असतो. पण महाराष्ट्राला तो अगदीच अपरिचित नाही. 1950च्या दशकात रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात याच जातीच्या रोगाची नोंद झाली होती आणि भारतातल्या संशोधकांच्या लेखांत ते नाव आजही येतं. संसर्गजन्य रोगांचे तज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात गेलात तर समजावत बसावं लागणार नाही. दवाखान्यात काम करून आला असाल तर क्षयाची तपासणीही त्याच फेरीत उरका.

मनाचंही काही असतं. परक्या देशात गेल्यावर बसणाऱ्या धक्क्याचा आलेख 1955 मध्ये लिसगार्ड या संशोधकाने उताराचा आणि चढाचा असा काढला होता. 1963 मध्ये गुलाहॉर्न दांपत्याने त्याला दुसरा उतार आणि चढ जोडला, तो घरी परतल्यानंतरचा. म्हणजे परतल्यावर काही आठवड्यांनी मॉलमध्ये चीड येणं, मित्रांच्या गप्पा पोकळ वाटणं, सगळं सोडून परत जावंसं वाटणं, हे ठाऊक असलेलं आहे आणि बहुतेकांचं ओसरतं. घराशी याचा थेट संबंध आहे. या उतारावर असताना कुठलाही लांबचा करार करू नये.

मला वाटतं, घर निवडताना स्वयंसेवक सगळ्यात जास्त चुकतात ते इथे. ‘तिथे दोन बादल्या पाण्यात दिवस काढला, मला एक खोली पुरे’ असं म्हणून माणूस शहराच्या टोकाला, लिफ्ट नसलेल्या चौथ्या मजल्यावर घर घेतो. आईचे गुडघे, बायकोचा दीड तासाचा प्रवास आणि मुलाची शाळा त्या हिशेबात नसते. साधेपणाचा उमाळा खरा असतो, पण तो एकट्याचा असतो आणि घर सगळ्यांचं. शिवाय काही महिन्यांनी नोकरी लागते आणि तोच माणूस पुन्हा टेम्पो बोलावतो. म्हणून पहिला महिनाभर घरं नुसती पाहा. सही करू नका.

या मधल्या काळात राहायचं कुठे? आईवडिलांकडे असेल तर प्रश्न नाही. भावाकडे किंवा बहिणीकडे उतरणार असाल, तर पहिल्याच आठवड्यात जायची तारीख सांगून टाका. वहिनी ‘अहो, राहा की’ म्हणतीलच, आणि मनापासून म्हणतील. तरी तारीख सांगितलेली बरी. दोन वर्षं तुमच्या खोक्यांनी अडवलेला माळा त्यांनीच सांभाळलेला असतो. स्वयंपाकघरात हात लावा आणि तिथल्या हालअपेष्टांच्या गोष्टी जेवताना सांगू नका.

बंद घर आणि खोकी

सामान आवरण्यासाठी घरापासून दूर राहिलेल्या माणसासारखा परीक्षक नाही. दोन वर्षं जी वस्तू लागली नाही, तिच्याविषयी तुम्हाला बऱ्यापैकी खरं उत्तर माहीत असतं. नेहमीच्या आवराआवरीत माणूस ‘लागेल कधी तरी’ म्हणतो. इथे ‘कधी तरी’ होऊन गेलेलं असतं. पण हे उत्तर पहिल्या आठवड्यात वापरायचं नाही. त्या आठवड्यात एक तर सगळं टाकून द्यावंसं वाटतं, किंवा फुटका कप बघूनही गळा दाटतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात खोकी उघडा.

घर बंद राहिलं असेल तर उघडण्याची सुरुवात खिडक्यांपासून करा. एक पावसाळा मध्ये गेला असेल तर कपाटातल्या रेशमी साड्यांवर आणि चामड्याच्या चपलांवर बुरशी आलेली असते, पुस्तकांत कसर असते आणि भिंतीला चिकटलेल्या लाकडी कपाटामागे वाळवी असू शकते. वाळवीचं कपाट नव्या घरात नेऊ नका, मग ते आजोबांचं असलं तरी. एखादी फळी किंवा पितळी कडी काढून ठेवा आणि बाकीचं सुताराला द्या. फ्रिज आणि वॉशिंग मशीन तिथेच एक दिवस चालवून बघा. बंद पडलेल्या यंत्राची हमाली देऊन ते दुसऱ्या मजल्यावर चढवणं शहाणपणाचं नाही. इन्व्हर्टरची बॅटरी बहुधा गेलेली असेल, ती दुकानदाराला दिली की नव्या बॅटरीत थोडी सूट मिळते. गॅसच्या शेगडीची नळी पाच वर्षांनी बदलायची असते आणि तिच्यावर तारीख छापलेली असते. ती बघा, कारण ही नळी कुणीच बघत नाही.

पुस्तकं वजनाने जड असतात म्हणून छोट्या खोक्यांत भरा. स्टीलची भांडी ट्रंकेत, काच वर्तमानपत्रात आणि गाद्या प्लास्टिकमध्ये. देवघरातलं सामान शेवटी काढायचं आणि आधी लावायचं, ही पद्धत बहुतेक घरांत पाळतात. ती पाळताना एक पिशवी आणखी शेवटी ठेवा: चहाचं सामान, दोन भांडी, बल्ब, पाना, चार्जर, औषधं आणि एका दिवसाचे कपडे. पहिल्या रात्री नव्या घरात याशिवाय काही लागत नाही.

तिथून आणलेल्या वस्तूंचं वेगळं एक खोकं करा आणि त्याला नव्या घरात भिंत शोधू नका. सुरुवातीला सगळंच मांडावंसं वाटतं. वर्षभराने त्यातल्या दोन-तीन वस्तूच कायम राहतात. फोटोंचंही तसंच आहे, आणि तिथल्या मुलांचे किंवा रुग्णांचे फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकण्यापूर्वी त्यांच्या पालकांची परवानगी घेतली होती का, हे स्वतःला विचारा.

कागद आणि करार

कागदपत्रांची साखळी मोबाइल नंबरपासून सुरू होते. वापर न झालेला प्रीपेड नंबर 90 दिवसांनंतर बंद होऊ शकतो आणि पुढे दुसऱ्याला दिला जातो. तो गेला असेल तर नवा नंबर घेऊन आधी आधारशी जोडा, मग बँकेशी, मग बाकी सगळ्याशी. बँकेत दोन वर्षं तुम्ही स्वतः एकही व्यवहार केला नसेल तर खातं निष्क्रिय मानतात. शाखेत जाऊन केवायसी द्यावं लागतं. जाताना खातं अनिवासी केलं असेल, तर कायमचे परतल्याचं बँकेला कळवून ते पुन्हा निवासी करून घ्या. वाहन परवाना संपून एक वर्ष उलटलं नसेल तर चाचणी न देता नूतनीकरण होतं. वर्ष उलटलं असेल तर पुन्हा चाचणी. स्कूटरचा विमा आणि पीयूसी संपलेलं असेल तर ती चालवत नेऊ नका, टेम्पोत टाका.

आता करार. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, मग तो 11 महिन्यांचा का असेना. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. तो ‘नोटरी करून घेऊ, तेवढं चालतं’ म्हणाला, तर ते चालत नाही. नोंदणी ऑनलाइन होते, आधारचा अंगठा लागतो (म्हणून मोबाइल आणि आधार आधी म्हटलं). करार 11 महिन्यांचाच हवा असं कायदा म्हणत नाही. तो 60 महिन्यांपर्यंत होऊ शकतो आणि पुनर्विकासामुळे बाहेर पडणाऱ्यांनी हे नक्की लक्षात ठेवावं. जुन्या घराचा करार संपून तुम्ही तिथेच राहत असाल तर सावध असा. मुदत संपल्यावरही जागा न सोडणाऱ्याकडून त्याच कायद्याच्या कलम 24 खाली दुप्पट भाडं मागता येतं. इतर देशांतून आलेल्यांना पोलिसांकडची भाडेकरू नोंद अपमानास्पद वाटते. वाटू द्या, पण करा.

नव्या घराचा ताबा घेताना नळ, गीझर, भिंतीवरची ओल आणि वीजमीटरचं रीडिंग यांचे तारखेसह फोटो काढून घरमालकाला त्याच दिवशी पाठवा. जुनं घर सोडतानाही तेच. अनामतीवरून होणारे वाद बहुधा ‘हा डाग आधी होता की नंतर पडला’ एवढ्यावरच असतात.

सोसायटी पुनर्विकासाला गेली असेल आणि घर तुमचं किंवा आईवडिलांचं असेल, तर टेम्पो ठरवण्यापूर्वी कागद वाचा. राज्य शासनाच्या 4 जुलै 2019 च्या निर्णयानंतर 51 टक्के सभासदांच्या संमतीने प्रस्ताव पुढे जातो. त्यामुळे तुम्ही नसतानाही तो मंजूर झालेला असू शकतो. आता पाहायचं ते असं: तुमच्या नावाचा पर्यायी जागेचा वैयक्तिक करार नोंदला गेलाय का, विकासक दरमहा भाडं किती देणार, ते दरवर्षी वाढणार का, पुढचे धनादेश आगाऊ मिळणार का, दलाली आणि सामान हलवण्याचा खर्च दोन्ही वेळचा धरलाय का. हे हातात येण्याआधी किल्ली देऊ नका. तुमच्या वतीने कुणाला मुखत्यारपत्र देऊन गेला होतात, तर त्याने कशाकशावर सह्या केल्या, त्या सगळ्या कागदांच्या प्रती मागून घ्या. सख्खा भाऊ असला तरी मागा.

घर हलवण्याची तारीख महिन्याच्या मधली निवडली तर टेम्पो आणि माणसं सहज मिळतात. शेवटच्या रविवारी अर्धं शहर हलत असतं. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसऱ्याच्या आसपास दर चढतात, पितृपंधरवड्यात कुणी हलत नाही. ज्यांची श्रद्धा आड येत नाही, त्यांनी घासाघीस करायला तोच पंधरवडा बरा, आणि घरमालकही तेव्हा जरा नरम असतो. एका खोलीचं सामान ‘छोटा हत्ती’त दोन फेऱ्यांत जातं. मोठ्या घरासाठी पॅकर्स अँड मूव्हर्स बोलावलेत, तर माणूस प्रत्यक्ष सामान बघून गेल्याशिवाय दर मान्य करू नका. फोनवर सांगितलेला आकडा जिन्याच्या पायरीवर वाढतो. लिफ्ट वापरू देतात का, ट्रक आत येतो का, सामान हलवायची वेळ काय, हे दोन्ही सोसायट्यांच्या वॉचमनला विचारा. चिटणिसापेक्षा त्याला जास्त ठाऊक असतं.

नवीन घरात गेल्यावर गॅस एजन्सीकडून जोडणी हस्तांतरित करून घ्या. शहर तेच असेल तर ग्राहक क्रमांकासह नवीन वितरकाकडे जाता येतं. शहर बदललं तर सिलिंडर आणि रेग्युलेटर परत करून टर्मिनेशन व्हाउचर घ्यावं लागतं, ते जपून ठेवा. महावितरणचं जुन्या घराचं शेवटचं बिल भरल्याची पावती अनामत परत घेताना लागते. नोंदणीकृत करारावर आधारचा पत्ता बदलतो, आणि आधार बदललं की बाकीचे पत्ते मागे लागल्यासारखे बदलत जातात. मतदार यादीतलं नाव नव्या पत्त्यावर नेण्यासाठी नमुना क्रमांक 8 भरा. हे काम लोक निवडणूक जाहीर झाल्यावर करतात आणि तोवर मुदत गेलेली असते. तुम्ही ते नव्या घरात पहिली खोकी फोडाल त्याच आठवड्यात करून टाका, म्हणजे परदेशातल्या संस्थेला नवा पत्ता कळवतानाच तेही उरकेल.